किंकी फ्रीडमन, टेक्सास २००६ : सह्या आल्या, मतं आली नाहीत

नोव्हेंबर २००६ मध्ये टेक्सासच्या मतदारांसमोर गव्हर्नरपदासाठी पाच नावं होती. त्यातलं एक रिचर्ड ‘किंकी’ फ्रीडमन. काळी काउबॉय हॅट, तोंडात सिगार, पोटापाण्याचा उद्योग म्हणजे गाणी आणि रहस्यकथा लिहिणं, आणि पक्ष कोणताच नाही. पावणेदोन वर्षं त्यांनी प्रचार केला. त्यांच्या घोषणा टी-शर्टांवर आणि गाड्यांच्या बंपरवर झळकल्या, त्यांची बोलणारी बाहुलीसुद्धा विकायला आली. निकालाच्या दिवशी मात्र १२.४ टक्के मतं आणि चौथा क्रमांक.

विक्षिप्त अपक्ष उमेदवार सगळीकडे असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत शिकण्यासारखं फारसं नसतं. अर्ज बाद होतो, पैसा नसतो, वाहिन्या दाखवत नाहीत, आणि ‘संधी मिळाली असती तर’ हे पालुपद शिल्लक राहतं. फ्रीडमन यांचं प्रकरण इथे वेगळं पडतं. त्यांना मतपत्रिकेवर जागा मिळाली, नामांकित प्रचारतज्ज्ञ मिळाले, राज्यभर ओळख होतीच, आणि राज्यभर दाखवल्या गेलेल्या डिबेटमध्ये मावळत्या गव्हर्नरच्या शेजारी उभं राहायलाही मिळालं. एवढं सगळं मिळूनही गणित का चुकलं, हे त्यामुळे नीट तपासता येतं.

खुर्ची आणि तिचं वजन

अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांमधून निवडला जातो आणि राज्याचा कारभार चालवतो. आपल्या राजभवनातल्या राज्यपालांपेक्षा तो मुख्यमंत्र्यांच्या जवळ जातो. पण टेक्सासची गंमत अशी की तिथला गव्हर्नर कागदावर तसा दुबळाच. यादवी युद्धानंतर लादल्या गेलेल्या सरकारचा राग मनात धरून १८७६ ची राज्यघटना लिहिली गेली आणि सत्ता मुद्दाम विखरून टाकली गेली. लेफ्टनंट गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, हिशेब सांभाळणारा कंट्रोलर, शेती आयुक्त हे सगळे स्वतंत्रपणे निवडून येतात. गव्हर्नर त्यांना काढू शकत नाही. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवस. सिनेटची खरी सूत्रं लेफ्टनंट गव्हर्नरच्या हातात. गव्हर्नरकडे उरतो तो नकाराधिकार, असंख्य मंडळांवरच्या नेमणुका आणि बोलण्यासाठी राज्यातलं सगळ्यात उंच व्यासपीठ.

फ्रीडमन यांनी हे बरोबर हेरलं होतं. प्रचाराच्या त्यांच्या दोन मुख्य घोषणा मराठीत आणायच्या तर एक ‘का नाही, च्यायला?’ आणि दुसरी ‘असं काय मोठं अवघड आहे?’ दुसरीत थट्टेइतकंच तथ्यही होतं. ज्या पदाचं मुख्य हत्यार बोलणं आहे, त्या पदासाठी बोलण्यावर हुकमत असलेला माणूस का नको?

राजकीय हवामानही बरं होतं. एकेकाळी डेमोक्रॅट पक्षाची मक्तेदारी असलेल्या या राज्यात १९९४ नंतर त्या पक्षाला राज्यपातळीवरची एकही जागा जिंकता आलेली नव्हती. म्हणजे विरोधी पक्षाची जागा जवळपास मोकळी. आणि सत्ताधारी रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी कोणाचे फार लाडके नव्हते. आधीचे गव्हर्नर बुश राष्ट्राध्यक्ष झाले म्हणून डिसेंबर २००० मध्ये ही खुर्ची त्यांच्याकडे आली, २००२ मध्ये त्यांनी ती जिंकली. पण शाळांच्या निधीचा तिढा वर्षानुवर्षं सुटत नव्हता. नोव्हेंबर २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांसाठीची मालमत्ता कराची पद्धतच घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्या वर्षी खास अधिवेशन बोलावून व्यवसायांवर नवा कर आणावा लागला. ‘ट्रान्स-टेक्सास कॉरिडॉर’ या अवाढव्य टोल रस्त्याच्या योजनेने जमिनी जाणार म्हणून ग्रामीण शेतकरी, म्हणजे रिपब्लिकनांचा हक्काचा मतदारच बिथरला होता.

माणूस

फ्रीडमन यांचा जन्म १९४४ चा, शिकागोतल्या ज्यू कुटुंबातला. लहानपणीच कुटुंब टेक्सासला आलं आणि आईवडिलांनी तिथल्या हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ पट्ट्यात, मुलांसाठी उन्हाळी शिबिराची जागा उभी केली. ऑस्टिनच्या विद्यापीठातून पदवी घेतल्यावर पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून ते बोर्निओला गेले. सत्तरच्या दशकात त्यांनी काढलेल्या कंट्री संगीताच्या बँडचं नाव होतं ‘टेक्सास ज्यूबॉइज’. ज्यूंना हिणवण्याच्या शब्दाशी खेळ करणारं हे नाव एका ज्यू माणसाने स्वतः घेतलेलं. गाणी तशीच, वर्णद्वेषी लोकांची त्यांच्याच भाषेत टर उडवणारी. ऐकणाऱ्याला कळलं तर विनोद, नाही कळलं तर शिवी. या मुद्द्याकडे पुन्हा यावं लागेल.

१९७६ मध्ये ते बॉब डिलनच्या दौऱ्यात होते. ऐंशीच्या दशकात रहस्यकथा लिहू लागले. त्यांतल्या गुप्तहेराचं नावही किंकी फ्रीडमनच. पुढे एका मोठ्या टेक्सन मासिकात स्तंभ लिहिला आणि १९९८ मध्ये भटक्या प्राण्यांसाठी निवारा उभा केला. १९८६ मध्ये आपल्या भागातल्या जस्टिस ऑफ द पीस या छोट्या न्यायिक पदासाठी रिपब्लिकन म्हणून उभे राहून पडलेही होते. म्हणजे निवडणूक त्यांना अगदीच नवीन नव्हती.

३ फेब्रुवारी २००५ रोजी सॅन अँटोनिओत, टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या अलामो या ऐतिहासिक किल्ल्यासमोर उभं राहून त्यांनी उमेदवारी जाहीर केली. टेक्सन माणसासाठी अलामो म्हणजे काय, हे महाराष्ट्रात समजावून सांगायला नको. आपल्याकडेही पक्षाची घोषणा करायला लोक रायगडावर जातात.

पहिली भिंत : ४५,५४० सह्या

आपल्याकडे विधानसभेला अपक्ष उभा राहायचा असेल तर दहा सूचक आणि दहा हजार रुपये अनामत लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. दार उघडं, हरलात तर पैसे जातील एवढंच. टेक्सासमध्ये उलटं आहे. पैसे नाही भरले तरी चालतात, पण दारातच गाळणी बसवलेली आहे.

गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या एक टक्का इतक्या मतदारांच्या सह्या अपक्षाने आणायच्या. २००२ मध्ये साधारण साडेपंचेचाळीस लाख मतं पडली होती, म्हणून आकडा ४५,५४०. हे अजून सोपं वाटेल. पुढच्या अटी वाचा. सही करणारा नोंदणीकृत मतदार हवा. त्याने त्या वर्षी कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांमध्ये होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मत दिलेलं नसावं. त्याने एकाच अपक्षासाठी सही करावी, दोघांसाठी केली तर आधीची धरली जाणार. सह्या गोळा करायला सुरुवात प्रायमरी झाल्यावरच, म्हणजे ८ मार्चपासून, आणि मुदत ११ मे. प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीची वेळ आली असती तर हा अवधी निम्म्यावर आला असता. सह्या गोळा करणाऱ्याने वर प्रतिज्ञापत्र द्यायचं ते वेगळंच.

प्रायमरीत न जाण्याच्या अटीवर फ्रीडमन यांच्या लोकांनी काढलेला तोडगा मला या सबंध मोहिमेतली सर्वांत हुशार चाल वाटते. त्यांनी त्या अटीचंच घोषवाक्य करून टाकलं, ‘किंकीसाठी स्वतःला जपून ठेवा’. लग्नाआधीच्या ब्रह्मचर्याच्या शपथा घेणाऱ्या धार्मिक टेक्सासमध्ये त्या वाक्याला कोणता वास होता, ते तिथल्या कोणालाही लगेच कळत होतं. कायद्यातला एक किचकट मुद्दा लाखो लोकांच्या ध्यानात राहिला, तोही जाहिरातीवर फारसा खर्च न करता.

निकालही तसाच लागला. फ्रीडमन यांनी सुमारे १ लाख ७० हजार सह्या दिल्या आणि त्यांतल्या १ लाख ३७ हजारांच्या आसपास वैध ठरल्या. गरजेच्या तिप्पट. त्याच वर्षी दुसऱ्या अपक्ष उमेदवार होत्या कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न, राज्याच्या विद्यमान कंट्रोलर, ऑस्टिनच्या माजी महापौर आणि रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडलेल्या मुरब्बी राजकारणी. त्यांनी २ लाख २२ हजारांहून अधिक सह्या दिल्या आणि वैध ठरल्या सुमारे १ लाख ८ हजार. म्हणजे ज्याला सगळे विदूषक म्हणत होते त्याच्या दर दहा सह्यांतल्या आठ टिकल्या आणि मुरब्बी बाईंच्या निम्म्याहून जास्त उडाल्या. फ्रीडमन यांची मोहीम नुसती मस्करी होती असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. हे काम शिस्तीचं आहे, हशा पिकवून होत नाही.

यानंतरचा एक किस्सा टेक्सासबाहेरही गाजला. मतपत्रिकेवर फ्रीडमन यांना ‘किंकी’ हवं होतं आणि स्ट्रेहॉर्नबाईंना ‘ग्रँडमा’, म्हणजे आजी. ‘एक खमकी आजी’ ही त्यांची प्रचारातली ओळख होती. निवडणुकांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने निवाडा दिला की किंकी हे खरोखरचं टोपणनाव आहे, आजी ही घोषणा आहे. किंकी राहिले, आजी गेली.

उसना नकाशा

मोहिमेची सूत्रं डीन बार्कली यांच्याकडे होती आणि जाहिराती बिल हिल्समन यांच्याकडे. दोघेही मिनेसोटाचे. १९९८ मध्ये माजी व्यावसायिक कुस्तीपटू जेसी व्हेंचुरा यांनी मिनेसोटाची गव्हर्नरकी ३७ टक्के मतांवर जिंकून देशाला चकित केलं, त्या विजयामागे हीच माणसं. फ्रीडमन यांच्याभोवती जी गंभीर हवा तयार झाली, ती बरीचशी या दोघांमुळे. प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात स्वतः व्हेंचुरा टेक्सासमध्ये येऊन फिरले.

सिद्धांत सरळ होता. टेक्सासमध्ये गव्हर्नरच्या निवडणुकीला त्या काळी नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा यायचा. प्रायमरीला तर त्या वर्षी दहा टक्केही आले नव्हते. उरलेले घरी बसतात कारण दोन्ही पक्षांचा त्यांना कंटाळा आलेला आहे. त्यांतले थोडे जरी बाहेर काढले तरी चौरंगी लढतीत ३५-४० टक्क्यांवर बाजी मारता येते, कारण दुसरी फेरी नाही, ज्याला सर्वाधिक मतं तो गव्हर्नर. व्हेंचुरांनी हेच केलं होतं.

कागदावर यात काही चूक दिसत नाही. पण मिनेसोटात मतदानाच्या दिवशी, मतदान केंद्रावरच नाव नोंदवून मत देता येतं, १९७० च्या दशकापासून. शेवटच्या आठवड्यात ‘बघू या तरी’ असं वाटलेला पोरगा थेट उठून मत देऊन येऊ शकतो, आणि १९९८ मध्ये अशी पोरं मोठ्या संख्येने आली. टेक्सासमध्ये नोंदणी ३० दिवस आधी बंद होते. मिनेसोटात उमेदवारांना सरकारी निधी मिळतो, व्हेंचुरांना तो मिळाला होता. टेक्सासमध्ये तो नाही, आणि व्यक्तीने उमेदवाराला किती पैसे द्यावेत यावर मर्यादाही नाही, त्यामुळे मोठ्या देणगीदारांशी जुने संबंध असलेला माणूस पहिल्या दिवसापासून पुढे. व्हेंचुरा रिफॉर्म पक्षाचे उमेदवार होते, महापौरपद भूषवलेले होते आणि डिबेटांत पुन्हापुन्हा दिसले. टेक्सासमध्ये चौघांची मिळून डिबेट झाली एक. शिवाय मिनेसोटाची बहुतांश वस्ती मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या टीव्हीच्या टप्प्यात येते. टेक्सास तेव्हा सव्वादोन कोटींहून अधिक वस्तीचं राज्य आणि टीव्हीच्या वीसेक वेगळ्या बाजारपेठा.

आणि एक बटण. त्या काळी टेक्सासमध्ये ‘स्ट्रेट टिकट’ची सोय होती. एकदाच पक्षावर खूण केली की वरपासून खालपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत. ज्याचा पक्षच नाही त्याच्या वाट्याला या सोयीतून शून्य. २०२० पासून ती बंद झाली. २००६ मध्ये मात्र अपक्षाची स्पर्धा या सवयीशी होती आणि माणसाच्या सवयीला टोमणे लागत नाहीत.

काय मांडत होते?

नुसती थट्टा असती तर सोडून देता आलं असतं. फ्रीडमन यांच्याकडे मुद्दे होते, पण त्यांची मोळी विचित्र होती. समलिंगी विवाहाला पाठिंबा, त्यावरचं त्यांचं वाक्य जगभर गेलं की बाकीच्यांइतकंच दुःखी होण्याचा हक्क त्यांनाही आहे. शाळांमध्ये प्रार्थनेलाही पाठिंबा. कॅसिनो कायदेशीर करून तो पैसा शिक्षणाला. विद्यार्थ्यांना परीक्षेपुरतं घोकायला लावणाऱ्या राज्य चाचण्यांना विरोध, शिक्षकांचे पगार वाढवा. मित्र आणि कंट्री गायक विली नेल्सन यांच्या नादाने जैवइंधन. गांजाबद्दलच्या शिक्षा सैल करून तुरुंग रिकामे करा. आणि त्याच दमात मेक्सिकोच्या सीमेवर नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, दहा हजार सैनिक उभे करा.

डावं-उजवं असं काही ठरत नव्हतं, आणि समर्थकांना नेमकं तेच आवडत होतं. पण मतांच्या हिशेबात याचा अर्थ असा की प्रत्येक मतदाराला आवडणारं एक आणि न पटणारं एक हमखास सापडायचं. गायक मंडळी सकाळी फार काम करणार नाहीत, पण रात्री उशिरापर्यंत करतील आणि प्रामाणिक असतील, असं ते म्हणत. टाळ्या पडत. खुर्चीवर बसल्यावर पहिल्या महिन्यात काय करणार, हे मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांना सांगता आलं असतं, मला शंका आहे.

सप्टेंबर

सप्टेंबरमध्ये काही जनमत चाचण्या त्यांना २० टक्क्यांच्या आसपास, डेमोक्रॅट उमेदवार क्रिस बेल यांच्या बरोबरीने दाखवत होत्या. पेरी ३५-४० मध्ये अडकलेले. दार किलकिलं झालं होतं.

त्याच महिन्यात कत्रिना वादळानंतर ह्यूस्टनमध्ये आलेल्या विस्थापितांबद्दल बोलताना त्यांनी नशेबाज आणि गुंड अशा अर्थाचे शब्द वापरले. न्यू ऑर्लिन्समधून ह्यूस्टनने लाखाहून अधिक लोकांना आसरा दिला होता, त्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने. शहरात गुन्हे वाढल्याची तक्रार खरोखर चालू होती, आणि फ्रीडमन यांचं म्हणणं होतं की आपण गुन्हेगारांबद्दल बोललो, वंशाबद्दल नाही. तेवढ्यात जुनी ध्वनिफीत वर आली. १९८० च्या एका कार्यक्रमात त्यांनी कृष्णवर्णीयांबद्दलचा सर्वांत घाणेरडा शब्द वापरला होता. त्यापाठोपाठ २००५ च्या एका टीव्ही मुलाखतीतला, कृष्णवर्णीयांचा जुनाट उल्लेख असलेला एक विनोदही उकरला गेला. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क संघटनेने निषेध केला. फ्रीडमन यांनी माफी मागायला नकार दिला. ते व्यंग होतं, वर्णद्वेष्ट्यांचीच टर होती, असं त्यांचं उत्तर.

मला वाटतं, गाण्यांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं होतं. तरीही त्याचा उपयोग नव्हता. रंगमंचावर व्यंग चालतं कारण प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, समोरचा मुखवटा घालून बोलतोय हे त्याला ठाऊक असतं. उमेदवाराचं वाक्य रात्रीच्या बातम्यांत दहा सेकंदांचं होऊन येतं, मुखवटा तिथे दिसत नाही. आणि कत्रिनाबद्दलच्या विधानात मुखवटा नव्हताच. तिथे गुप्तहेर किंकी बोलत नव्हता, गव्हर्नर व्हायला निघालेला माणूस बेघर झालेल्यांबद्दल बोलत होता. व्यंगाची ढाल तिथे पुढे केल्याने ती पुढच्या खऱ्या प्रसंगांसाठीही बोथट झाली. या एका आठवड्याने त्यांची किती टक्के मतं नेली ते मोजता येणार नाही. पण ऑस्टिन आणि ह्यूस्टनमधला उदारमतवादी, तरुण मतदार, ज्याला डेमोक्रॅट पक्ष मिळमिळीत वाटत होता आणि जो किंकींकडे झुकला होता, त्याला परत घरी जायला सबळ कारण मिळालं.

६ ऑक्टोबरला डॅलसमध्ये ती एकमेव डिबेट झाली. शुक्रवारची संध्याकाळ. टेक्सासमध्ये शुक्रवारची संध्याकाळ शाळांच्या फुटबॉलची असते, हे वेळ ठरवणाऱ्यांना माहीत नसेल असं नाही. तासाभरात चार उमेदवार. स्ट्रेहॉर्नबाईंना मेक्सिकोच्या नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्षांचं नाव सांगता आलं नाही, सीमेवरच्या राज्यात हे लागायचं तसं लागलं. फ्रीडमन यांचा वेळ त्या जुन्या वाक्यांबद्दल उत्तरं देण्यात गेला आणि नेहमीची तडफ दिसली नाही. टोमणा मारायला समोरच्याने लांब बोलावं लागतं, ठरावीक सेकंदांच्या उत्तरांत तो मारता येत नाही. त्या संध्याकाळचा फायदा झाला बेल यांना. त्यानंतर त्यांच्याकडे मोठ्या देणग्या आल्या आणि त्यांनी फ्रीडमन यांना माघार घ्यायला सांगितलं. फ्रीडमन यांनी साफ नाही म्हटलं.

डिबेटची तारीख पुन्हा बघा. मतदार नोंदणीची मुदत पुढच्याच आठवड्यात संपली. म्हणजे त्या रात्री ज्याला प्रथमच या निवडणुकीत रस वाटला आणि ज्याचं नाव यादीत नव्हतं, त्याच्या हातात जेमतेम चार दिवस होते, तेही शनिवार-रविवार आणि सुट्टी धरून.

७ नोव्हेंबर

पेरी ३९ टक्के, सुमारे १७ लाख १७ हजार मतं. बेल साधारण ३० टक्के. स्ट्रेहॉर्न १८ टक्के. फ्रीडमन १२.४ टक्के, म्हणजे ५ लाख ४७ हजारांच्या आसपास. लिबर्टेरियन पक्षाचे जेम्स वर्नर एक टक्क्याच्याही खाली. दहापैकी सहा मतदारांनी पेरींना नाकारलं आणि पेरी गव्हर्नर झाले. पुढे ते जानेवारी २०१५ पर्यंत त्या खुर्चीवर होते, टेक्सासच्या इतिहासात सर्वाधिक काळ.

आपल्याकडच्या एकषष्ठांश मतांच्या नियमाने मोजलं तर आजींची अनामत थोडक्यात वाचली असती, किंकींची जप्त झाली असती.

मतफुटीने पेरी जिंकले, हे तेव्हाही बोललं गेलं आणि आजही बोललं जातं. बेल यांच्या समर्थकांचा राग समजू शकतो, पण मला ते अर्धवट वाटतं. स्ट्रेहॉर्नबाईंची मतं बरीचशी नाराज रिपब्लिकनांची होती, त्या नसत्या तर त्यांतली कितीतरी पेरींकडेच परतली असती. फ्रीडमन यांच्या मतांपैकी किमान तीन चतुर्थांश बेल यांना मिळाली असती असं धरलं, तरच बेल पेरींच्या पुढे जातात, आणि सीमेवर फौज मागणाऱ्या उमेदवाराच्या मतदारांबद्दल असं धरणं जरा जास्तच होईल.

माझ्या मते खरा आकडा दुसरा आहे आणि तो कोणी फारसा सांगत नाही. २००२ मध्ये गव्हर्नरपदासाठी साधारण ४५ लाख ५४ हजार मतं पडली होती. २००६ मध्ये पडली साधारण ४४ लाख. चार तगडे उमेदवार, दोन अपक्ष, दोन वर्षं गाजलेली मोहीम, बाहुल्या, बंपर स्टिकर, आणि एकूण मतं दीड लाखांनी कमी. मधल्या चार वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली होती, ते धरलं तर घट आणखी मोठी. जो घरी बसलेला मतदार उठवण्यावर सगळं उभं होतं, तो उठलाच नाही. त्याने स्टिकर लावला असेल, सही केली असेल, रात्री टीव्हीवर किंकींना बघून हसलाही असेल. नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी तो कामावर गेला.

याला नुसता नोंदणीचा कायदा कारण आहे असं म्हणून सुटका होत नाही, कारण यादीत नाव असलेल्यांतलेही दोन तृतीयांश आले नाहीत. त्या मोहिमेने मतदान न करण्याला एक रुबाब दिला होता, हे मला त्यातलं सर्वांत अवघड कोडं वाटतं. सगळे राजकारणी सारखेच, सगळं एक तमाशा आहे, हे रोज हसतहसत पटवून देणारा उमेदवार शेवटी ‘म्हणून मला मत द्या’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याने पहिला अर्धा भाग मनापासून घेतलेला असतो. दुसरा घ्यायचं कारण त्याला दिसत नाही. व्हेंचुरा यांचा सूर तसा नव्हता. तेही राजकारण्यांवर तोंडसुख घ्यायचे, पण कराचा जादा पैसा परत देईन असं साधं, हातात पडणारं आश्वासन त्यांच्याकडे होतं.

सह्यांच्या बाबतीत हाच माणूस इतका यशस्वी का झाला, याचं उत्तरही इथे सापडतं. सही घ्यायला कार्यकर्ता तुमच्या समोर येऊन उभा राहतो, पॅड आणि पेन त्याच्या हातात असतं, आणि ‘यांना निवडून द्या’ असं न म्हणता ‘यांना उभं तरी राहू द्या’ एवढंच तो मागतो. त्याला हो म्हणणं सोपं. १ लाख ३७ हजार वैध सह्यांमागे साडेपाच लाख मतं, एका सहीला चार. जिंकायला एका सहीमागे बारा-तेरा लागत होती. सही करणाऱ्यांची यादी हातात असताना त्या प्रत्येकाला आणखी लोकांना घेऊन केंद्रावर ये म्हणून सांगणारी, गल्लोगल्ली पसरलेली यंत्रणा उन्हाळ्यात उभी राहायला हवी होती. पक्षांकडे ती असते. अपक्षाला ती शून्यातून बांधावी लागते, आणि टीव्हीवर फुकट मिळणाऱ्या प्रसिद्धीची चटक लागली की ती बांधायची राहून जाते.

पुढे

टेक्सासमध्ये अपक्ष गव्हर्नर निवडून आला होता तो १८५९ मध्ये, सॅम ह्यूस्टन. ती यादी आजही एवढीच आहे.

फ्रीडमन यांनी धडा घेतला तो असा की अपक्ष राहून भागत नाही. २०१० साठी ते डेमोक्रॅट म्हणून गव्हर्नरपदाच्या रिंगणात उतरले, मग माघार घेऊन शेती आयुक्तपदाकडे वळले आणि प्रायमरीतच हरले. २०१४ मध्ये पुन्हा तेच पद, पुन्हा डेमोक्रॅट, या वेळी गांजा आणि हेंप (गांजाच्याच जातीचं, धाग्यांसाठी घेतलं जाणारं पीक) यांच्या शेतीला परवानगी द्या हा मुद्दा पुढे करून. प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचले आणि तिथे जिम होगन नावाच्या शेतकऱ्याकडून हरले. होगन यांनी प्रचार जवळपास केलाच नव्हता, सभा नाही, जाहिराती नाहीत, खर्च नावापुरता. राज्यातलं सर्वांत ओळखीचं नाव ज्यांच्याकडे होतं, ते जवळपास अनोळखी माणसाकडून हरले, तेही त्याच पक्षाच्या मतदारांत ज्यांच्यातले बरेच जण २००६ ची मतफुटी विसरलेले नव्हते. जून २०२४ मध्ये, ७९ व्या वर्षी, फ्रीडमन आपल्या हिल कंट्रीतल्या घरी वारले.